फुंकर

या ना ताई, आत या. चपला पायातच असू द्या, खाली टाचण्या सांडलेल्या असतात. त्या खुर्चीवरचं कापड बाजूला सारा आणि निवांत बसा. खिडकी उघडीच ठेवते, चालेल ना? थंडी वाजली तर शाल देते, पण खिडकी लावायला सांगू नका.

एक मिनिट हं, आमच्या खारूला दूध देते. इथून स्वयंपाकघर दिसतं तुम्हाला. तो फ्रिज, आणि त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून तिची गादी. दूध ती गारच पिते, फ्रिजमधून काढलं की तस्सं. गरम केलेलं तोंडाला लावत नाही... झालं. बसते आता तुमच्यापाशी. हा मशीनवरचा दिवा एवढा पुरे ना आपल्याला?

तर तुम्ही विचारायला आलात की धुराचे अलार्म कोणते घ्यावेत. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड लावताय, घरात लहान मूल आहे, आणि माझ्या छतावरच्या या पांढऱ्या तबकड्या तुम्हाला दारातूनच दिसल्या. बरोबर आलात. या विषयात माझ्याइतकं डोकं या इमारतीत कोणी घातलेलं नाही. फक्त सांगताना मी जरा लांबण लावते, ते सोसून घ्या.

मी पडदे शिवते, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. पडदेवालीचा स्वभाव वाईट. माप दोनदा घेतल्याशिवाय कात्री चालवायची नाही आणि दुसऱ्याने घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तारा, स्विच, मोटारी हा त्याचा हातचा मळ. म्हणून अलार्म बसवायचं काम मी आधी त्यालाच सांगितलं होतं. एरवी नळाचा वॉशर बदलायला सांगितला तर सगळा नळच उलगडून ठेवणारा माणूस, पण या एका कामाला त्याने चार महिने चालढकल केली. आधी म्हणाला, नवीन मॉडेल येऊ दे. मग म्हणाला, छताचा रंग होऊ दे. मग म्हणाला, ते उगाच वाजत राहतात आणि तू घाबरशील. मी म्हटलं, मी घाबरलेलीच आहे, वाजलं तर निदान कारण तरी मिळेल. तो हसला नाही. माझ्या विनोदांना तो नेहमी हसतो, म्हणून लक्षात राहिलं.

मला वास येत नाही, ताई. पावणेदोन वर्षं झाली. आमच्या आधीच्या घराला आग लागली, तेव्हा धूर छातीत गेला आणि नाक कायमचं गेलं. फुलाचा नाही, फिनाइलचा नाही, कशाचाच नाही. लोकांना वाटतं त्यात काय एवढं, दिसतंय ना, ऐकू येतंय ना. पण गॅस चालू राहिला तर मला कळत नाही. भांडं करपलं तर कळत नाही. घरात पोर असेल तर हे फार वाईट असतं.

एकदा दुपारी मी इथेच हेम घालत बसले होते आणि डोळा लागला. जाग आली ती खारूच्या बोटाने. ती माझ्या गालाला बोट लावून उभी होती. अगदी शांतपणे म्हणाली, "आई, दूध लागलं. खालून."

पातेलं पार काळं झालं होतं. सगळं घर धुरकटलं होतं आणि मी त्यात मजेत घोरत होते. पण खरं सांगू, मी पातेल्याने दचकले नाही. तिच्या तोंडच्या त्या शब्दाने दचकले. दूध लागतं, भात लागतो, सगळेच म्हणतात. माझ्याच तोंडून ऐकून ती शिकलेली. पण तिच्या तोंडून ‘लागलं’ ऐकलं की माझ्या हातातलं काम थांबायचं. का ते सांगते, पण ओळीने सांगू दे.

दुसऱ्याच दिवशी खारूला घेऊन मी दुकान गाठलं. नवऱ्याला कळवलंसुद्धा नाही. दुकानदार म्हातारा, नाकावर चष्मा, बोलका. त्याने काउंटरवर पाच तबकड्या मांडल्या आणि मला शाळेत घातलं.

"बाई, सुटेसुटे घेऊ नका. स्वयंपाकघरात एकटाच ओरडला तर पलीकडच्या खोलीत झोपलेल्याला काय ऐकू जाणार? हे एकमेकांना जोडलेले असतात, बिनतारी. एकाला धूर लागला की सगळे मिळून बोंबलतात."

"मग आग कुठे आहे ते कसं कळायचं?"

या प्रश्नावर तो खूश झाला. "हे बटण. सगळे ओरडत असताना कुठल्याही एकाचं दाबा. बाकीचे गप्प होतात. ज्याला खरा धूर लागलाय तो एकटाच ओरडत राहतो. तुम्ही त्याच्याकडे जायचं नाहीतर त्याच्यापासून पळायचं, तुमची मर्जी."

तुम्ही घ्याल तेव्हा हे बटण आहे ना, एवढं नक्की बघा. दुसरं म्हणजे बॅटरी आतच बंद केलेली, दहा वर्षं टिकणारी. आणि तिसरं, स्वयंपाकघरासाठी वेगळा. पाचातला एक त्याने बाजूला काढला. "हा धूर ओळखत नाही. फोडणी घातली, पाव जळला, हा ढिम्म. याला फक्त आच कळते. खोलीच तापली तर हा ओरडणार. हा ओरडला, तर मात्र चहा संपवत बसू नका."

"आणि नुसत्या वासाने वाजतात का हे?"

"वासाने कसे वाजतील? धुराचे कण आत शिरावे लागतात. याला नाक नाही, बाई."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात खारू माझ्या मागून पुढे आली आणि काउंटरला हनुवटी टेकवून उभी राहिली. म्हाताऱ्याचं हसू थांबलं. त्याने एकदा नाक वर केलं, दोनदा केलं. मागे वळून भिंतीवरचा मेन स्विच बघितला. मग खाली वाकून तारा चाचपायला लागला.

"काही जळतंय का हो?" तो म्हणाला.

मी कोण सांगणार? मी पैसे ठेवले, पाचही तबकड्या पिशवीत टाकल्या आणि निघाले. रस्ता ओलांडून मागे पाहिलं तर त्याने दुकानातले सगळे दिवे मालवले होते आणि तो दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता.

शनिवारी दुपारी मी स्टुलावर चढून स्वतःच बसवले. भिंतीपासून हातभर दूर, छताच्या मध्यावर, टेपने मोजून. पाचांत गोंधळ नको म्हणून खारूने प्रत्येकावर चित्राचं स्टिकर लावलं. या बाहेरच्या खोलीत मासा, पॅसेजमध्ये छत्री, आमच्या खोलीत सूर्य, तिच्या खोलीत मांजर आणि स्वयंपाकघरात घुबड. चाचणीचं बटण दाबलं. पाचही एकदम किंचाळले, खारूने कानांवर हात ठेवले आणि खिदळली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. घराला पाच नाकं फुटली होती. संध्याकाळी नवरा कामावरून आला, छताकडे बघितलं, आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच उभा राहिला. "बसवलेस?" एवढंच म्हणाला.

मंगळवारी दुपारी पहिल्यांदा वाजले.

मी धावत सुटले. स्वयंपाकघरात काही नाही, गॅस बंद. पॅसेजमध्ये येऊन छत्रीचं बटण काठीने दाबलं. चार आवाज गप्प झाले. एकच उरला, खारूच्या खोलीतला. ती खाली पालथी पडून चित्र काढत होती. डोक्यावर मांजर किंचाळत होतं आणि पोर शांतपणे झाडाला पानं लावत होती. धूर नाही, धग नाही. मी तिला उचलून बाहेर आणलं. थोड्या वेळाने मांजर आपोआप थांबलं.

धूळ गेली असेल म्हणून ब्रशने झाडलं. बुधवारी पुन्हा वाजले. बटण दाबलं, सगळे गप्प, उरला तो मासा. तेव्हा तो इथे, आपल्या डोक्यावर होता. खारू त्या कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं घर करून बसली होती. गुरुवारी सूर्य उरला. ती आमच्या पलंगावर झोपली होती.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हवा दमट असेल, किडा शिरला असेल, जागा बदलून बघा. मी मासा काढून मांजराच्या जागी लावला, मांजर सूर्याच्या जागी, सूर्य इथे. त्याने काही फरक पडला नाही. तबकडी कुठलीही असो, खोली कुठलीही असो, त्यामागचं कारण एकच. कुठलं, ते एव्हाना माझ्या मनाने ओळखलं होतं, पण मान्य करत नव्हतं. तुम्हालाही कळलं असेल. तुम्ही मघापासून खुर्चीच्या कडेला आलाय.

शुक्रवारी मी माप घेतलं. दुपारी तीनची वेळ, लख्ख ऊन. मी खारूला म्हटलं, चल, खेळ खेळू. तू एकेका खोलीत जाऊन उभी राहा आणि मोठ्याने वीस म्हण. ती उड्या मारत तिच्या खोलीत गेली. एक, दोन, तीन... मी पॅसेजमध्ये काठी घेऊन उभी. चौदा म्हणाली आणि सगळे ओरडले. मी बटण दाबलं. तिच्याच खोलीतला उरला. मग आमच्या खोलीत पाठवलं. बारालाच ओरडले. बाहेरच्या खोलीत नऊला. प्रत्येक वेळी मी बटण दाबायचे, सगळं घर गप्प व्हायचं, आणि एकच आवाज माझ्या लेकीच्या डोक्यावर राहायचा. जणू कोणी बोट दाखवून सांगतंय, ही.

"आता स्वयंपाकघरात?" तिने विचारलं.

"हो... जा."

ती वीस म्हणाली. मी पुन्हा म्हणायला लावलं. घुबड गप्प. तिसऱ्यांदा म्हणताना ती कंटाळली, तरी घुबड गप्पच. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. सुटल्यासारखं वाटलं. घुबडाला धूर कळत नाही, फक्त आच कळते. म्हणजे असेल तो नुसता धूर. आच नाही. आईचं मन कशातही आधार शोधतं बघा. मी तिची गादी ओढत स्वयंपाकघरात आणली, गॅसची टाकी बंद केली आणि तिला सांगितलं, आजपासून तू इथे झोपायचं.

नवरा आला. त्याने स्वयंपाकघरातली गादी पाहिली आणि बूट न काढता पॅसेजमध्येच खाली बसला. खारू गादीवर तिच्या चिंध्यांत रमली होती. तो अगदी हळू बोलला.

"तुला कधी कळलं?"

"काय कळलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आपण चुकून बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

"तिला वास येतो," तो म्हणाला.

"कसला?"

"धुराचा. त्या दिवसापासून. केसांना, कपड्यांना... अंघोळ घातली की जातो. तासाभराने परत येतो."

मग तो एकेक सांगत गेला. अंघोळ नेहमी तोच का घालतो. खिडक्या थंडीतसुद्धा उघड्या का ठेवतो. शाळेतल्या बाईंनी तिला खिडकीजवळ एकटीला बाक का दिलाय. माझी सख्खी बहीण हल्ली आमच्याकडे मुक्काम का करत नाही. डॉक्टरांना दाखवलं होतं, माझ्या नकळत. त्यांनी फुप्फुसं तपासली, रक्त तपासलं, आणि शेवटी पंखा लावून म्हणाले की मूल ठणठणीत आहे.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"तुला सोडून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुझं नाक गेलं, ते एका परीने बरंच झालं असं वाटायचं मला. तुला तरी ती आधीसारखीच आहे."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, ताई. आणि लगेच कळलं की राग करायचा हक्क मला नाही. कारण त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट मीच दीड वर्ष लपवून ठेवली होती.

आता ते सांगते. आगीचं.

आम्ही तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी पडद्यांना इस्त्री करत होते. खाली गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं, हॉर्न वाजवायला लागलं. मी तयार पडदे उचलले, इस्त्री उभी ठेवली, निदान मला तरी उभी ठेवल्यासारखं वाटतं, आणि खाली गेले. खारू साडेचार वर्षांची. सगळ्यांना मी सांगितलं की ती झोपली होती. नवऱ्याला, पोलिसांना, बहिणीला. ती झोपली नव्हती. मी खाली गिऱ्हाइकाला शिवण दाखवत होते, तेव्हा ती खिडकीत आली आणि हाक मारली.

"आई, लागलं..."

मी वर बघितलं. मला वाटलं पडली असेल, गुडघ्याला लागलं असेल. रोज कुठे ना कुठे धडपडायची. रडतही नव्हती. मी खालूनच ओरडून सांगितलं, "फुंकर घाल गं, आलेच पाच मिनिटांत."

ती शहाण्यासारखी मान हलवून आत गेली.

गिऱ्हाइकाला अस्तर पसंत नव्हतं. मग दोऱ्याचा रंग. पाचाची पंधरा मिनिटं झाली. मग खिडकीतून धूर आला.

मी जिना चढून आत घुसले, पॅसेजपर्यंत पोचले, पुढचं आठवत नाही. बंबवाल्यांनी मला ओढून बाहेर काढलं. शुद्धीवर आले तर खारू खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. फ्रॉकला डाग नाही, एक केस जळलेला नाही. तिला कोणी आणलं, ते कळलंच नाही. बंबवाल्यांपैकी कोणीच म्हणालं नाही की मी आणलं. त्यांचा मुख्य माणूस वरून आला, नवऱ्याला विचारलं, मुलं किती? एकच, ही काय. तो पुन्हा वर गेला. बऱ्याच वेळाने आला आणि पुन्हा विचारलं, एकच ना, नक्की? मग खारूकडे बघत राहिला. हेल्मेट काढून हातात घेतलं होतं त्याने. आम्ही आनंदात होतो, आम्हाला काही विचारायचं सुचलं नाही.

तर त्या शुक्रवारी, नवरा पॅसेजमध्ये बसलेला असताना, मी खारूजवळ गेले. बाहेर अजून उजेड होता. तिला मांडीवर घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि जीव खाऊन श्वास ओढला. काही नाही. कोरी हवा. पोटच्या पोरीचा वास जगाला येतो आणि मला येत नाही, याचं जे दुःख झालं ते मला सांगता येणार नाही.

"खारू," मी विचारलं, "तुला दुखतं का गं कुठे?"

"नाही."

"खरं सांग."

"दुखत नाही. लागलंय."

मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. "कुठे... लागलंय?"

"खालून," ती म्हणाली. "वरून नाही. दुधासारखं."

पॅसेजमध्ये नवरा उभा राहिल्याचा आवाज आला. मी मागे बघितलं नाही.

"तेव्हा पण लागलं होतं," ती सांगत होती, चिंधीला गाठ मारत मारत. "इस्त्रीखालचा पडदा लागला होता. मी तुला सांगितलं ना खिडकीतून. तू म्हणालीस, फुंकर घाल. मग मी घातली. मग ते लाल झालं. मग मी अजून घातली... मोठं झालं."

दूध लागलं, पडदा लागला, मला लागलं. एवढासा शब्द. दीड वर्ष मी स्वतःला सांगत आले होते की तिने हाक मारली आणि मी उशीर केला. उशीर करणं परवडलं असतं. मी तर तिच्या हातून आग फुंकवून घेतली होती.

मी मान वळवली. नवरा स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. तो काहीच बोलला नाही, आजपर्यंत बोललेला नाही. मला त्याची भीती वाटली नाही, लाज वाटली. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं, आणि तेव्हा दिसलं की खारूने पाय पोटाशी घेतलेत, दोन्ही तळवे हातांत धरलेत आणि ती त्यांच्यावर हळूहळू फुंकर घालतेय. फू... फू... मन लावून. सांगितलेलं काम करावं तशी.

आणि घुबड ओरडलं.

पाठोपाठ सगळे. मी तिला छातीशी धरून तिथेच खिळले. नवऱ्याने पॅसेजमधलं बटण दाबलं. मासा थांबला, सूर्य थांबला, मांजर थांबलं, छत्री थांबली. घुबड थांबेना. आच लागल्याशिवाय जो ओरडत नाही तो. गॅसची टाकी बंद होती, ताई. शेगडी गार होती. मी तिचे तळवे हातात घेतले, तेही गार. पावसात भिजून आल्यासारखे गार. माझ्या कपाळावरून मात्र घाम निथळत होता.

"नको, बाळा," मी म्हटलं. "फुंकर नको घालू. थांब. आता नाही घालायची."

तिने फुंकर थांबवली. घुबड गप्प झालं.

मान वर करून तिने मला विचारलं, "मग काय करू?"

मी म्हटलं, काही नको करू, मी इथेच आहे. तर म्हणाली, "पाच मिनिटं?" म्हटलं, नाही, आता कुठेच जाणार नाही. ती बरं म्हणाली आणि चिंधीची गाठ सोडवायला लागली.

तेव्हापासून मी माप घ्यायला कोणाच्या घरी जात नाही. गिऱ्हाइकंच इथे येतात. तिची शाळा बंद केली, मीच शिकवते. ‘लागलं’ हा शब्द आम्ही घरात उच्चारत नाही. नवरा रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या तोंडाशी पाठ टेकून बसतो, आज त्याला यायला उशीर झालाय एवढंच. अलार्म उतरवू का म्हणून त्याने एकदा खुणेने विचारलं. मी नको म्हटलं. धुराचे हे चार मीच बंद करून ठेवलेत, नाहीतर ते दिवसभर ओरडत राहतात. घुबड चालू आहे. तीन महिन्यांत ते पुन्हा ओरडलेलं नाही.

तर तुम्ही घ्या, ताई. बिनतारी, जोडलेले, बटण असलेले, आणि स्वयंपाकघरात आच ओळखणारा. तुमच्याकडे लहान मूल आहे. त्याने काही सांगितलं तर आधी जवळ जा, बघा, मग बोला. एवढंच माझं सांगणं.

आता तुम्हाला एक विचारू? तुमचं नाक चांगलं आहे. आत आल्या आल्या तुम्ही खिडकीकडे पाहिलंत, ते मी पाहिलं. सगळेच पाहतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो वास मघाशी होता तेवढाच आहे ना? नुसता धुराचाच ना? आता तुम्ही पदर नाकाला लावलात, म्हणून विचारते...

मी फार वेळ बोलत बसले. पाच मिनिटं म्हणून बसले होते, घड्याळ बघा किती झालं.

थांबा, तुम्हालाही ऐकू आलं का? आतून. फू... फू... घाबरू नका. दूध गार करत असेल ती. तुमच्यासमोरच दिलं ना मघाशी, फ्रिजमधून काढून.